तिकोनी ठिगळ

माझ्या मेहुण्यानं नवी गाडी घेतली आणि ती दाखवायला तो सगळ्यात आधी माझ्याकडे आला. दुसऱ्या कोणाकडे आधी गेला असता तर मला एवढं लागलं नसतं.

मेहुणा म्हणजे माझ्या बायकोचा पाठचा भाऊ. घरात त्याला सगळे धाकटा म्हणतात. केस पिकले, फरशांचं मोठं दुकान झालं, तरी तो धाकटाच राहिला. माझी बायको जाऊन वर्ष होत आलं होतं. त्या वर्षात तो दर रविवारी फोन करायचा, मी 'बरं चाललंय' म्हणायचो आणि मग दोघंही समोरचा कधी फोन ठेवतो याची वाट बघायचो. त्या रविवारी फोन आला नाही. खाली गल्लीत हॉर्न वाजला.

दोन सुरांचा हॉर्न. आधी जाड, मग बारीक. मला वाटलं, कोणीतरी माझीच गाडी बाहेर काढली. मी हातातलं भांडं तसंच टाकून खिडकीशी गेलो. खाली हिरवी, लांब नाकाची, कापडी टपाची, दोनच माणसांची गाडी उभी होती. माझीच. फक्त नवीकोरी.

"दाजी, खाली या," धाकट्यानं वर बघून हाक मारली. "टोळ आणलाय."

टोळ हे नाव आमच्या घरातलं. मी जन्मभर लिफ्ट दुरुस्त केल्या. एका इमारतीच्या तळघरात, लिफ्टच्या खड्ड्याशेजारी, ही गाडी धूळ खात पडलेली मला दिसली. मालकाला जागा मोकळी हवी होती, मला गाडी हवी होती. दोरीनं ओढत घरी आणली तेव्हा तिच्यात उंदरांचं घरटं होतं आणि तळाचा पत्रा इतका गेलेला की आत बसून रस्त्याला पाय लागायचे. लग्नानंतरच्या आमच्या सगळ्या सुट्ट्या त्या गाडीत गेल्या. लोक फिरायला जायचे, आम्ही गाडीखाली जायचो. पहिल्यांदा चालू झाली तेव्हा क्लच सोडताच गाडीनं उडी मारली आणि ही, माझी बायको, म्हणाली, "हिरवा आहे, उडतोय, टोळच आहे हा." तेव्हापासून टोळ. कंपनीनं दिलेलं नाव म्हणजे नुसता आकडा होता, तो आमच्यापैकी कोणी कधी उच्चारला नाही.

धाकटा तेव्हा म्हणायचा, "ताई, नवऱ्यानं भंगारवाल्याकडे नोकरी धरली वाटतं."

आणि आता तोच टोळ म्हणत होता.

ही गाडी त्या कंपनीनं फार थोडी बनवली आणि मग बंद केली. आता कंपनी नव्या मालकांकडे गेली आहे. त्यांनी जुने नकाशे काढले, तसाच पत्रा हातानं ठोकला, तसंच इंजिन ओतलं आणि पुन्हा बनवायला घेतली. नंबर जिथं थांबले होते तिथून पुढचे. ते याला नक्कल म्हणत नाहीत. म्हणतात, बनवायच्या राहिलेल्या गाड्या आता बनवतोय. जणू मधली सगळी वर्षं कामगार चहाला गेले होते.

मी खाली गेलो. धाकट्याची बायको आत बसलेलीच होती, डोक्याला रुमाल बांधून.

"बघा, तुमच्या गाडीचा भाऊ," धाकटा म्हणाला.

"भाऊ कसला. नातू म्हण."

"नातू तरी रक्ताचाच ना?"

"रक्त कुठून आलं? नाव घेतलंय फक्त."

"दाजी, एक विचारू? तुमचं इंजिन बदललेलं. तळाचा पत्रा तुम्ही घातलेला. उजवा दरवाजा दुसऱ्याच कुठल्या गाडीचा. मूळची काय राहिली हो त्यात? माझी नखशिखांत कंपनीची आहे. मग खरी कुठली?"

"माझी तेव्हापासून आहे," मी म्हणालो. "मध्ये सगळं बदललं असेल, पण ती कुठे गेली नव्हती. तुझी परवा जन्मली."

"जळताय," तो हसून म्हणाला. त्याचं हसणं अगदी हिच्यासारखं आहे, आधी नाकातून, मग तोंडातून. त्याचाही मला त्या दिवशी राग आला.

मी जळत होतो हे खरंच होतं. त्याचा दरवाजा एका बोटानं लागत होता, माझा उचलून ढकलावा लागतो. त्याच्या गाडीला नव्या चामड्याचा वास होता. आणि त्याच्या शेजारच्या सीटवर त्याची बायको बसली होती.

"काय आरामशीर आहे हो, दाजी," ती म्हणाली. "एरवी लांब गेलं की माझी कंबर धरते. यात इतकी फिरले, कळलंसुद्धा नाही. आणि सगळा रस्ता दिसतो."

मी बरं म्हटलं आणि वर आलो.

आमच्या गावात जुन्या गाड्यांचा एक क्लब आहे. वर्षातून एकदा मैदानावर मेळावा भरतो. ज्या गाड्या घडणीनं अस्सल ठरल्या, मग त्या कधीही बनलेल्या असोत, त्यांना पितळी पाटी मिळते आणि त्या पुढच्या रांगेत, हिरवळीवर उभ्या राहतात. नकला आणि मनाजोगत्या बदललेल्या गाड्या फाटकाजवळ, खडीवर. आमची टोळ कायम पुढच्या रांगेत असायची. ही घडीची खुर्ची टाकून बॉनेटशेजारी बसायची, लोकरीचं काहीतरी विणत, आणि कोणी काचेवर बोट टेकवलं की न बघता म्हणायची, "पुसून जा." ती गेल्यानंतरच्या मेळाव्याला मी गेलो नव्हतो. या वर्षी जायचं ठरवलं होतं, कारण ती जागा जाऊ द्यायची नव्हती.

धाकट्यानं पितळी पाटीसाठी अर्ज केला.

क्लबचे अध्यक्ष म्हणजे डोळ्यांचे एक डॉक्टर. त्यांनी मला फोन केला. "या मॉडेलची दुसरी गाडी आपल्याकडे कोणाचीच नाही. तपासायची तुम्हीच. फक्त तो तुमचा मेहुणा पडतो, तर सांभाळून घेणार नाही ना?"

"अजिबात नाही," मी म्हणालो. इतक्या पटकन म्हणालो की डॉक्टर जरा थांबले.

फरशांच्या गोदामात, खोक्यांच्या रांगांमध्ये त्यानं गाडीसाठी जागा केली होती. मी विजेरी, आरसा, मोजपट्टी घेऊन गेलो. तो दुकानात होता. मला एकट्याला सोडलं हा त्याचा चांगुलपणा होता, आणि तोही मला खुपला. मी आडवा होऊन खालून बघितलं, बॉनेट उघडून बघितलं. कुठे आधुनिक स्क्रू, कुठे प्लास्टिकची नळी, काहीतरी सापडेल म्हणून तासन्‌तास नाक खुपसून बसलो. काही नाही. जे माझ्या गाडीत मी जुळवून, वाकवून, कसंबसं बसवलं होतं ते तिथं जन्मतःच नीट बसलं होतं. लोकांच्या सुनेत खोट काढायला गेलेल्या सासूसारखी माझी गत झाली, आणि सून निघाली गुणी.

दमून मी शेजारच्या सीटवर टेकलो.

बसताच काहीतरी ओळखीचं वाटलं. मांड्यांखाली सीट पुढून चढती होती. मी हात खाली नेला. पुढच्या डाव्या कोपऱ्यात बोटांना शिवण लागली. चामड्याचा एक तिकोनी तुकडा, दुहेरी टाक्यांनी जोडलेला. मी उतरलो, गुडघ्यावर बसलो, विजेरी लावली. मग दुसऱ्या सीटचा कोपरा बघितला. तिथं तिकोन नव्हता.

ती सीट माझ्या बायकोची होती.

ती पडदे आणि सोफ्याची कव्हरं शिवायची. चामडं तिनं आयुष्यात पहिल्यांदा हातात घेतलं ते टोळसाठी. मूळच्या सीट उंदरांनी खाल्ल्या होत्या. सपाट होत्या त्या, आडव्या पट्ट्यांच्या, मी स्वतः फाडून टाकल्या. ही बुटकी. पहिल्या फेरीला म्हणाली, "मला नुसतं आभाळ दिसतंय. रस्ता तू बघ, पाऊस आला तर मी सांगते." म्हणून तिनं आपल्या सीटखाली उताराची गादी घातली, पाठ दुखू नये म्हणून पुढून चढती. गादी उंच झाली आणि चामडं कमी पडलं. कोपऱ्यात चामड्याचा उरलेला तुकडा तिकोनी कापून तिनं जोडला. "ठिगळ दिसायला नको," म्हणाली आणि मुद्दाम दुहेरी टाका घातला, म्हणजे बघणाऱ्याला वाटावं की असंच करायचं होतं. माझी सीट नंतर केली, तेव्हा चामडं पुरेसं आणलं होतं. म्हणून तिकोन एकाच सीटला.

नवी गाडी बनवायच्या आधी कंपनीचे लोक आमची गाडी बघायला आले होते तेव्हा ही चांगली हिंडतीफिरती होती. त्यांच्याकडे बाहेरच्या अंगाचे नकाशे होते, आतले हरवले होते, आणि जुन्यांपैकी उरलेली गाडी त्यांना आमचीच सापडली होती. दिव्यांचं कसलंसं यंत्र लावून त्यांनी गाडी आतून बाहेरून मापून नेली. मला इंजिनाबद्दल सतराशे साठ प्रश्न विचारले. सीटबद्दल एकही नाही. हिनं चहा दिला, आणि त्यातला एक जण कोपऱ्याशी वाकून फोटो काढत होता तेव्हा ती माझ्याकडे बघून गालात हसली. तेव्हा मला वाटलं, यंत्राचं हसू आलं असेल.

धाकट्यानं गाडीबरोबर आलेलं रंगीत पुस्तक डॅशबोर्डवर ठेवलं होतं. मी उघडलं. सीटच्या फोटोखाली लिहिलं होतं: मूळ कारागिरांची खास तिकोनी जोड, जशीच्या तशी.

पहिल्यांदा मला आनंद झाला. सापडली खोट. मग मी त्या सीटकडे बघत राहिलो आणि आनंद जिरून गेला. ती चढती गादी एका बाईच्या कंबरेसाठी होती. आता अशा किती गाड्या बाहेर गेल्या असतील, त्यात कोण कोण बायका बसत असतील, रस्ता दिसतो म्हणून खूश होत असतील. माझ्या गाडीत त्या सीटवर ती गेल्यापासून मी कोणाला बसू दिलं नव्हतं. पिशवीसुद्धा ठेवली नव्हती. आणि इथं धाकट्याची बायको रुमाल बांधून बसून आली होती.

"काय, दाजी? झाली पास?" धाकटा आत येत म्हणाला.

"बैठकीत सांगतो."

"एवढं तोंड पाडू नका. पास झाली तर शेजारी शेजारी उभ्या करू. ताईला आवडलं असतं."

ताईला काय आवडलं असतं हे तू मला सांगू नकोस, असं माझ्या अगदी ओठावर आलं होतं. मी मोजपट्टी गुंडाळली आणि निघालो.

बैठकीपर्यंत मी दुसरा काही विचार केला नाही. गप्प बसलो तर त्याला पाटी मिळणार, माझी आहेच. दोघं पुढच्या रांगेत. त्याची चकाकणार, माझी तिच्याशेजारी पोटाशी पाय घेतल्यासारखी दिसणार, आणि हिची सीट कायमची कंपनीची होणार. बोललो तर त्याची गाडी बाद. पण ती सीट जिच्यावरून उचलली ती माझी गाडी, म्हणजे तीही बाद. नियमात स्पष्ट होतं की बदललेला भाग मूळच्या घडणीचाच हवा. इंजिन मी तसलंच घातलं होतं, पत्रा त्याच मापाचा, दरवाजा ठोकून ठोकून त्याच घडणीचा केलेला. सीट तेवढी तिच्या मापाची होती. पाटी देताना सीट कोणी बघितलीच नव्हती. हिरवळीवरची ती जागा, खुर्ची टाकायची जागा, माझ्याच तोंडानं घालवायची होती.

बैठक डॉक्टरांच्या दवाखान्यात, रुग्णांच्या बाकांवर असते. समोर भिंतीवर लहान लहान होत जाणाऱ्या अक्षरांचा तक्ता. आम्ही मोजके सभासद होतो. धाकटा नवा शर्ट घालून आला होता.

"गाडी अस्सल नाही," मी म्हणालो. "सीट चुकीची आहे."

"कशावरून?" घड्याळं दुरुस्त करणारे एक सभासद आहेत, त्यांना आम्ही घड्याळजी म्हणतो, त्यांनी विचारलं. "कंपनीच्या पुस्तकात तर फोटो आहे."

"मूळ सीट सपाट होती. पट्ट्यांची. तिकोन वगैरे काही नव्हतं."

"पण तुमच्या गाडीला तिकोन आहे. मी स्वतः बघितलाय."

"माझी पण चुकीची आहे."

डॉक्टरांनी चष्मा काढला.

"तुम्हाला कळतंय ना काय म्हणताय?" ते म्हणाले. "त्याची काढायला जाल तर तुमची पाटी जाते."

"जाऊ दे."

"अहो, मेहुण्याला अपशकुन म्हणून स्वतःचं नाक कापताय," घड्याळजी म्हणाले. दोघं-तिघं हसले. "कंपनी म्हणते मूळ आहे, तर असू द्या की मूळ. कोणाचं काय बिघडतंय?"

"माझं बिघडतंय," मी म्हणालो. "ते कंपनीचं नाही. ते माझ्या बायकोनं शिवलंय. चामडं कमी पडलं म्हणून ठिगळ लावलं. मूळ कारागीर म्हणे. कारागीर कोण, तर ती. घरात, पडद्यांच्या मशीनशेजारी, फरशीवर बसून, दाभणानं. तिचं ते दुसऱ्याच्या नावावर मी जाऊ देणार नाही. दोन्ही गाड्या काढा."

धाकटा इतका वेळ माझ्याकडे बघत होता.

"ताईनं केलंय?" तो म्हणाला.

"हो."

"माझ्या गाडीतलं?"

"तुझ्या गाडीतलं मशीननं केलंय. तिचं बघून."

"आणि तुम्हाला गोदामात कळलं?"

"हो."

"माझ्या गाडीत बसून तुम्हाला कळलं, आणि मी समोर उभा होतो, तर मला नाही सांगितलंत." त्याचा आवाज चढला नाही. "पाटी नसती मिळाली तर नसती मिळाली, दाजी. ते तर सांगायचं."

तो उठला आणि निघून गेला. डॉक्टरांनी दोन्ही गाड्या फाटकाकडच्या खडीवर लिहून घेतल्या.

त्यांनी कंपनीला कळवलं. थोड्याच दिवसांत कंपनीच्या माणसाचा मला फोन आला. मूळ सीट कशी होती, पट्ट्या किती रुंद, शिवण कुठून, सगळं विचारून घेतलं. मीच एकटा होतो ज्यानं ती बघितली होती. मी सांगितलं. तो म्हणाला, पुढच्या गाड्यांना आता बरोबर सीट लावू, आणि आधी गेलेल्यांना हवी तर बदलून देऊ. मी फोन ठेवला आणि मला शांत वाटलं. आता तिची सीट हळूहळू सगळीकडून निघेल आणि एकट्या माझ्याकडे राहील. ज्यांची काढली जाईल त्यांना बरं वाटेल का, त्यांच्या कंबरेचं काय, हे माझ्या मनात आलं नाही.

धाकट्यालाही त्यांनी फोन केलाच असणार. सपाट सीट बसवली की त्याची गाडी अस्सल आणि पाटी त्याची. तो व्यापारी माणूस. मी मनाशी ठरवून टाकलं होतं की तो बदलणार. मला तेच हवं होतं. त्यानं पुढच्या रांगेत खुशाल मिरवावं, पितळी पाटी लावून, पण तिकोन माझ्या एकट्याकडे असावा.

मेळाव्याच्या सकाळी मी टोळ बाहेर काढली आणि एकटाच गेलो. फाटकातून आत शिरताना आधी हिरवळीकडे बघितलं. घड्याळजींची काळी गाडी, डॉक्टरांची उघड्या चाकांची, बाकीच्या नेहमीच्या. आमच्या जागेवर एक लाल गाडी होती. हिरवी कुठे दिसली नाही.

खडीवर एकच झाड होतं. त्याच्या सावलीत धाकट्याची गाडी उभी होती.

"उशीर केलात," तो म्हणाला. "तुमची तिकडे लावा. तुमची उन्हाला सरावलेली आहे."

मी गाडी लावली. उतरून त्याच्या गाडीत डोकावलो. तिकोन जागेवर होता.

"बदलली नाहीस?"

"माझ्या ताईच्या हातचं आहे, ते काढून मी कंपनीची सीट लावू?"

"तिच्या हातचं नाही ते."

"माहीत आहे," तो म्हणाला. "तुमच्याकडे आहे ते हातचं. माझ्याकडे हे आहे."

त्याची बायको झाडाखालच्या कट्ट्यावर बसली होती. तिनं माझ्यासाठी सरकून जागा केली. मी उभाच राहिलो. थोड्या वेळानं धाकटा माझ्या गाडीच्या डाव्या बाजूला गेला आणि दरवाजावर हात ठेवून उभा राहिला.

"एकदा बसू का?"

"नको," मी म्हणालो. "गादी जुनी आहे. तुझ्या वजनानं बसेल."

"बरं."

तो हलला मात्र नाही. मी नको म्हणून चुकलो असं मला वाटलं नाही. आणि तो न रुसता 'बरं' म्हणाला याचा मला त्रास झाला.

मग लोक यायला लागले. दोन सारख्या गाड्या बघून माणसं थांबतातच. एक गृहस्थ मुलीला कडेवर घेऊन आले, एकदा इकडे एकदा तिकडे बघितलं आणि धाकट्याला विचारलं, "यातली खरी कुठली?"

इतकी वर्षं मी या प्रश्नाची वाट बघत असल्यासारखा पुढे सरलो. पण प्रश्न त्याला विचारला होता.

"गाड्या दोन्ही बाद आहेत," धाकटा म्हणाला. "पण सीट बघायची असेल तर त्यांची बघा. ती खरी. माझ्या बहिणीनं शिवली. माझी त्यावरून केलेली आहे."

गृहस्थ माझ्या गाडीत वाकून बघू लागले. मुलीनं काचेवर बोट टेकवलं. मी तो डाग तसाच राहू दिला. सीटबद्दल जे मला म्हणायचं होतं ते तो माझ्याआधी म्हणून मोकळा झाला होता.